होणारा नवरा संगीतला नाचायला नको म्हणतो? आधी एक फुगडी घालून बघा

तुझा प्रश्न दोनदा वाचला. लग्नाला सात आठवडे राहिलेत. होटगी रोडच्या लॉनवर संगीत ठरलंय, दोन्हीकडच्या बहिणी-वहिन्यांनी गाणी वाटूनसुद्धा घेतलीत आणि होणारा नवरा म्हणतो, "सगळ्यांचे होऊ देत, आपल्या दोघांचा डान्स नको." तुला लागलंय ते हे की हाच मुलगा मित्रांच्या वरातीत दोन-दोन तास नाचतो, त्याचे व्हिडिओ तू बघितलेत. मग माझ्यासोबतच का नको? मैत्रिणींनी 'रेड फ्लॅग' म्हणून निकालही देऊन टाकला. तू विचारतेस, त्याला तयार कसं करायचं आणि नाहीच झाला तर काय समजायचं.

मी सोलापुरात २२ वर्षं नाच शिकवते. सुरुवात लहान मुलींच्या भरतनाट्यमपासून झाली, नंतर लावणीही शिकले, आणि गेली १२-१३ वर्षं लग्नसराईत संगीतचे नाच बसवून देते. माझ्याकडे येणाऱ्या जोड्यांमधले निम्म्याहून जास्त मुलगे 'मला जमत नाही' म्हणणारेच असतात. तू माझ्या क्लासमधल्या मुलींच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते.

पहिली गोष्ट. वरात आणि संगीत या दोन्हीला आपण 'नाचणं' म्हणतो, पण अंगाला त्या अगदी वेगळ्या लागतात. वरातीत गर्दी असते, अंधार असतो, खांद्याला खांदा लागलेला असतो. काही बसवलेलं नसतं, त्यामुळे चुकायचा प्रश्नच येत नाही. दोन्ही हात वर केले की झालं, आणि दमला की माणूस कडेला जाऊन पाणी पिऊन येतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. संगीतला स्टेज, तोंडावर लाइट, समोर खुर्च्यांवर बसलेले तीनशे लोक, त्यातल्या दोनशे हातांत मोबाईल. स्टेप्स ठरलेल्या. आणि शेजारी तू, जिने लहानपणापासून गॅदरिंगला नाच केलाय. वरातीत तो नाचतो तेव्हा त्याला कुणी बघत नसतं. स्टेजवर त्याची तुझ्याशी तुलना होणार, हे त्याला तू सांगायच्या आधीच कळलेलं असतं. याला तुझी लाज म्हणत नाहीत गं. फजितीची भीती म्हणतात, आणि ती फजिती तुझ्यासमोर व्हायला नको असते.

आता हे मी दुरून बोलतेय, खरं कारण त्यालाच माहीत. घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तर मुलं ते मोकळेपणाने सांगत नाहीत, नुसतं 'नको' म्हणतात. कुणाचा गुडघा दुखावलेला असतो. कुणाच्या वडिलांना संगीत हा प्रकारच पटलेला नसतो, आणि त्यांचंही चूक नाही. आपल्याकडे घाणा भरायचा, हळद लावायची, जात्यावर ओव्या म्हणायच्या, वरात काढायची. स्टेज बांधून घरच्यांनी नाचायचं हे उत्तरेकडून आलं आणि आपण हौसेनं घेतलं. मला स्वतःला ते आवडतं, सासवा-सुना एका गाण्यावर नाचताना बघून माझे डोळे भरतात. पण ज्याच्या घरात ही पहिलीच वेळ आहे त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. म्हणून त्याला 'का नको?' असं विचारू नकोस, त्याला उलटतपासणीचा वास येतो. 'तुला नाचायचंच नाही, की स्टेजवर नको?' एवढंच विचार. माझ्या अनुभवात दहातले सात-आठ जण म्हणतात, स्टेजवर नको. मग बरंच काही करता येतं.

एका बाबतीत मात्र मी तुझ्या मैत्रिणींच्या बाजूने आहे, म्हणून आत्ताच सांगते. 'मी नाचणार नाही' आणि 'तूही नाचू नकोस' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं त्याचा स्वभाव सांगतं. दुसरं तो तुझ्याकडे कसा बघतो ते सांगतं. आपल्या जिल्ह्यात मोडनिंबला संगीत बारी आहे. तिथल्या बायका स्वतः गातात, स्वतः नाचतात, ढोलकी-पेटीच्या साथीने एकेक लावणी उभी करतात. त्या कलेवर टाळ्या-शिट्ट्या द्यायच्या आणि घरी येऊन 'चांगल्या घरातल्या पोरी नाचत नाहीत' म्हणायचं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. त्या तोंडाचं बोलणं त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या बोलण्यात आलं, तर लग्नाआधी बसून बोला, अगदी स्पष्ट बोला. तुझ्या लिहिण्यात मला तसं काही दिसलं नाही. तो 'सगळ्यांचे होऊ देत' म्हणाला, तुझा आणि मैत्रिणींचा नाच त्याला चालतोय. मग मनातून रेड फ्लॅग काढून टाक.

आता मी काय करते ते सांगते. जोडी पहिल्या दिवशी क्लासला आली की मी गाणं लावत नाही. चपला काढायला लावते, बोटातल्या अंगठ्या काढून ठेवायला लावते आणि दोघांना फुगडी घालायला सांगते.

हसू नकोस, फुगडी हा आपल्याकडचा अस्सल जोडीचा नाच आहे. मंगळागौरीला बायका घालतात आणि वारीत पुरुषही घालतात. आषाढीला पालख्या आपल्याच जिल्ह्यातून पंढरपूरला जातात. कधी रिंगण बघायला जा. रिंगण संपलं की उड्या, पावल्या, फुगड्या सुरू होतात. सत्तरीतले आजोबा टोपी सांभाळत गरगर फिरतात आणि 'मला नाच येत नाही' असं त्यांतला एकही म्हणत नाही.

फुगडीत समोरासमोर उभं राहायचं, चवड्यांना चवडे लावायचे, हातांची कैची करून एकमेकांचे हात धरायचे, कोपरं सरळ ठेवायची आणि दोघांनी मागे झुकायचं. एवढं केलं की निम्मं नातं माझ्यासमोर येतं. काही मुलं ताठ उभी राहतात, मुलीला लागेल म्हणून वजनच टाकत नाहीत. मग ती एकटीच मागे झुकते आणि दोघं एकमेकांवर येऊन आदळतात. काही मुली इतक्या जोरात ओढतात की पोराचे चवडे घसरतात. ८० किलोचा मुलगा आणि ५० किलोची मुलगी असेल तर मुलाने कमी झुकायचं आणि मुलीने जास्त, तरच तोल राहतो. दोघांनी सारखंच झुकायचं म्हटलं तर फुगडी जमत नाही. हे बोलून कळत नाही, हातालाच कळतं. तीन-चार वेळा चुकलं की पाचव्यांदा एकदम जमतं, आणि तो क्षण मला आजही बघावासा वाटतो. हात ताणले जातात, तोल सापडतो, पाय आपोआप फिरायला लागतात आणि दोघांचे चेहरे उजळतात. तोपर्यंत मी त्यांना एकही स्टेप शिकवलेली नसते.

थांबणंही शिकवावं लागतं. एकाने मध्येच हात सोडला तर दुसरा पडतो. म्हणून आधी वेग कमी करायचा, 'थांबू?' म्हणून विचारायचं आणि मग जवळ येऊन थांबायचं. ज्या जोड्यांना हे विचारायची सवय लागते त्यांचा नाच बसवायला मला फार कष्ट पडत नाहीत. स्टेजवर एकाची स्टेप चुकली तरी दुसरा हात घट्ट धरून सांभाळून नेतो.

दुसरी गोष्ट लेझीमची, आणि यात सोलापूरच्या मुलांना जन्मजात फायदा आहे. दोन सिझनमागे एक जोडी आली होती. मुलगा दारातल्या स्टुलावर बूट न काढता बसला होता. "मॅडम, हिला शिकवा, मी नुसता उभा राहतो," म्हणाला. त्याची बोटं मात्र मांडीवर वाजत होती. खाली मागाचा कारखाना आहे, त्याची खटखट वर ऐकू येते, आणि त्या लयीवर ती बोटं चालली होती. मी विचारलं, "गणपतीत काय करता?" म्हणाला, "लेझीम. आठवीपासून." क्लासच्या कपाटात शाळेतल्या कार्यक्रमाच्या जुन्या लेझिमी पडल्या होत्या, त्यातली एक काढून हातात दिली. त्याने आधी दांडा दोन्ही हातांत तोलला, साखळी एकदा खळकन ओढून बघितली आणि म्हणाला, "कड्या ढिल्या झाल्यात की हो." उठला, बूट काढले. गुडघ्यापाशी वाकून एक, छातीशी दोन, डोक्यावर तीन, परत छातीशी चार. खांदे मोकळे, पाठ सरळ, पाय नेमके मात्रेवर. त्याची होणारी बायको भिंतीला टेकून नुसती बघत राहिली. असा तिने त्याला कधी बघितलाच नव्हता.

मग दुसरी लेझीम तिच्या हातात दिली आणि तो तिला शिकवायला लागला. हे फार महत्त्वाचं आहे. तोपर्यंत ती शिकवणारी आणि तो चुकणारा अशी वाटणी होती, ती उलटली. पुढच्या आठवड्यात मी दोघांच्या हातातून लेझीम काढून घेतली आणि म्हटलं, आता तेच करा, हात रिकामे ठेवून. तिने वाकताना त्याचा हात धरला, तो उठताना ती फिरली, आणि त्याच चार मात्रांवर त्यांचा नाच उभा राहिला. संगीतच्या दिवशी मागून हलगी वाजवायला त्याच्या मंडळातली दोन पोरं आली होती.

तुझा मुलगाही सोलापूरचाच. मंडळात असेल, जयंतीच्या मिरवणुकीत असेल, शाळेत तरी लेझीम हातात घेतली असेल. घरी तेलुगू किंवा कानडी बोलत असेल तर त्याच्या आईला विचार, त्यांच्याकडच्या लग्नात काय करतात. आपल्या गावात तीन भाषांची लग्नं होतात आणि प्रत्येक घरात कुठला ना कुठला ठेका असतोच. तो नाचू शकतो का, असं विचारण्यापेक्षा तो आधीपासून काय नाचतो ते शोध.

गाणं निवडताना एकच बघायचं. आपल्या लेझीम-हलगीचा आणि बहुतेक सिनेमाच्या गाण्यांचा ठेका ८ मात्रांचा असतो, केरवा. तो या मुलांच्या पायात बसलेला असतो. गोड, हळुवार, झोका घेणारी बरीच गाणी ६ मात्रांच्या दादऱ्यात असतात. मुलींना तीच आवडतात आणि पोरांचे पाय तिथेच अडखळतात, कारण पायाला चारची सवय असते. नवशिक्या मुलासाठी दादरा नको. मिनिटाला साधारण १०० ठोके पडतील असं गाणं घे आणि दीड मिनिटात संपव. दीड मिनिटात ठोके होतात १५०, म्हणजे आठ-आठ ठोक्यांचे जेमतेम १९ 'आठ'. त्यात वेगळ्या हालचाली पाचच शिकायच्या, बाकी त्यांचीच उलटसुलट. त्याला 'गाण्यावर नाचायचंय' म्हणालीस तर डोंगर वाटेल. 'पाच गोष्टी शिकायच्यात' म्हणालीस तर तो बोटावर मोजेल.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. शेवटच्या दोन प्रॅक्टिस त्या दिवशीचाच घागरा आणि त्या दिवशीचीच चप्पल घालून कर, ओढणी पिन कर.

तो पुण्यात नोकरीला आहे आणि शनिवार-रविवारी येतो असं लिहिलंयस. माझ्याकडच्या निम्म्या जोड्यांचं हेच आहे. शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसने उतरायचं, रविवारी नातेवाईक, खरेदी, पत्रिका वाटणं, संपला दिवस. प्रॅक्टिस होते ती व्हिडिओ कॉलवर आणि भांडणंही तिथेच होतात. कारण अगदी साधं आहे. कॉलवर चित्र आणि आवाज दोन्ही थोडे उशिरा पोचतात, त्यामुळे तुला तो कायम मागे पडलेला दिसतो आणि त्याला तू. दोघंही बरोबर असता आणि दोघंही चिडता. म्हणून कॉल लावून एकत्र नाचायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या खोलीत, आपल्या फोनवर गाणं लावून करायचं, रेकॉर्ड करून एकमेकांना पाठवायचं. आणि स्वतःचा चेहरा स्क्रीनवर आरशासारखा उलटा दिसतो, तेव्हा 'डावीकडे वळ, उजवीकडे वळ' म्हणू नका. 'खिडकीकडे', 'दाराकडे' असं काही ठरवा. आठवड्यात पाऊण तास पुरतो, पण तो फोन बाजूला ठेवून दिलेला पाहिजे.

व्हिडिओ पाठवताना एक पथ्य पाळ. तो फक्त त्याला पाठवायचा, 'संगीत प्रॅक्टिस' नावाच्या ग्रुपवर नाही. ही गोष्ट मी फार वाईट वाटून घेऊन शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाला मीच आग्रह करून उभं केलं होतं. प्रॅक्टिसमध्ये तो अडखळला, कुणीतरी शूट केलं, रात्री ते घरच्या ग्रुपवर गेलं आणि मामे-मावसभावांनी त्यावर हसण्याचे पंचवीस-तीस चेहरे टाकले. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. आलाच नाही पुन्हा. संगीतला ती मुलगी एकटी नाचली आणि उरलेली संध्याकाळ तिने तोंडावर हसू ठेवून काढली. तो आग्रह माझा होता, आणि फोन बाजूला ठेवायला लावण्याची जबाबदारीही माझीच होती. त्या दिवसापासून माझ्या क्लासच्या दारात शेंगांची एक रिकामी टोपली ठेवलेली असते. आत येणाऱ्या प्रत्येकाचा फोन त्यात जातो, मुलाच्या आईचासुद्धा.

संगीतच्या दिवशीही हे करता येतं. तुमच्या नाचाच्या दीड मिनिटापुरतं शूटिंग फक्त व्हिडिओवाला करेल, बाकी सगळे टाळ्या वाजवतील, असं निवेदन करणाऱ्याला आधीच सांगून ठेव. लोक ऐकतात. हात रिकामे झाले की टाळ्याही जोरात वाजतात आणि स्टेजवरच्या माणसाला समोर फोनऐवजी चेहरे दिसतात. ज्याला भीती वाटते त्याच्यासाठी हा फरक फार मोठा असतो.

नाच कधी ठेवायचा तेही ठरव. जोडीचा नाच सगळ्यात शेवटी ठेवायची फॅशन आहे, आणि लॉनवर ती नेहमी अंगाशी येते. आठला ठरलेला कार्यक्रम नऊला सुरू होतो, उघड्यावर रात्री १० नंतर स्पीकर लावता येत नाही, आणि साडेनऊपासून सगळ्यांची पळापळ होते. तो मुलगा दीड तास पोटात गोळा घेऊन बसलेला असतो. तुमचा नाच दुसरा ठेव. पहिला लहान मुलांचा, मग तुमचा. तो एकदा सुटला की बाकीची संध्याकाळ मोकळेपणाने जगेल, कदाचित पुढच्या गाण्यांत आपणहून घुसेल.

आणि उचलाउचली नको. रील बघून मुली मला सांगतात, शेवटी त्याने मला वर उचलायचंय. आपण सोलापूरचे लोक, गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, नंदीध्वजांच्या उंच काठ्या बघत मोठे झालो. पांढरी बाराबंदी घातलेला माणूस ती काठी पेलतो, आजूबाजूचे सांभाळतात, आणि त्यामागे कितीतरी दिवसांचा सराव असतो. ती मिरवणूक निघते तीही लग्नाचीच, सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या विवाहाची. वजन पेलायला वेळ द्यावा लागतो, आणि सात रविवारांत तो मिळत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी पाठ धरलेला नवरा मी बघितलाय.

आता समज, एवढं सगळं करूनही तो नको म्हणाला. तर मी ते ऐकेन, आणि तूही ऐकावंस असं मला मनापासून वाटतं. तुझी हौस खरी आहे, ती मारायची नाही. तू तुझा नाच कर, अगदी दणक्यात कर, आणि त्याला समोर पहिल्या खुर्चीत बसव. एका मुलीने असंच केलं होतं. शेवटच्या 'आठ'ला ती स्टेजवरून खाली उतरली आणि त्याच्यासमोर हात पुढे करून उभी राहिली. ओढलं नाही, नुसता हात पुढे केला. तो उठला, दोघं तिथेच दोनदा गोल फिरले, बसला. त्याला जेवढं झेपत होतं तेवढं त्याने केलं आणि तिला जे हवं होतं ते मिळालं. पण हे त्याला आधी विचारूनच कर. अचानक हात पुढे केला आणि तो उठला नाही, तर तीनशे लोकांसमोर दोघांचीही पंचाईत होईल.

या रविवारी तो भेटला की गाणं, ग्रुप, स्टेज यातलं काही काढू नकोस. जेवण झाल्यावर दोन तास जाऊ देत. मग गच्चीवर जा, फरशी कोरडी आहे ना बघ, मोजे नकोत. साखरपुड्याची अंगठी काढून खिडकीत ठेव, नाहीतर त्याच्या बोटाला रुतेल. हातांची कैची करा आणि मागे झुका. पहिल्या तीन वेळा पडल्यासारखं होईल, हसाल, शेजारची काकू डोकावेल. चौथ्या-पाचव्यांदा काय होतं ते मला कळव. तो ताठ उभा राहिला, का तू जास्त ओढलंस, हेही लिही, पुढचं त्यावरून सांगते.